ठरवण्याआधी मागा

यरुशलेमच्या वायव्येला, साधारण नऊ-दहा किलोमीटरवर, गिबोन नावाचे प्राचीन नगर होते. पवित्र शास्त्रात या नगराशी जोडलेले दोन प्रसंग एकापाठोपाठ एक वाचून पाहावेत. पहिला यहोशवाच्या पुस्तकाच्या नवव्या अध्यायातला. गिबोनकर फाटके जोडे घालून, ठिगळ लावलेले बुधले आणि बुरसलेली भाकर घेऊन इस्राएलाच्या छावणीत आले. आम्ही फार दूरच्या देशातून आलो आहोत, आमच्याशी करार करा, असे त्यांनी सांगितले. इस्राएलाच्या पुढाऱ्यांनी त्यांची शिदोरी हाताळून पाहिली. पुरावा समोर होता, हकिगत पटण्यासारखी होती. शपथ वाहून करार झाला. शास्त्रलेखक तिथे एक गोष्ट नोंदवतो, की त्यांनी परमेश्वराला विचारले नाही. तीन दिवसांनी कळले की ही माणसे जवळच राहणारी आहेत. तोवर शपथ झालेली होती आणि ती मोडता येईना.

दुसरा प्रसंग अनेक पिढ्यांनंतरचा, पहिल्या राजांच्या तिसऱ्या अध्यायातला. शलमोन नुकताच गादीवर बसला होता. यज्ञ करण्यासाठी तो याच गिबोनला गेला. रात्री स्वप्नात देवाने त्याला म्हटले की, तुला काय हवे ते माग. शलमोनाने मागण्याआधी आपली स्थिती सांगितली. मी लहान आहे, कारभार कसा चालवावा हे मला कळत नाही, आणि समोर ही अगणित प्रजा आहे. म्हणून बरेवाईट ओळखून लोकांचा न्याय करता येईल असे समजदार मन मला दे. दीर्घायुष्य, संपत्ती किंवा शत्रूंचा जीव त्याने मागितला नाही, ही गोष्ट देवाला आवडली.

शलमोनाच्या प्रार्थनेतला क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आधी कबुली, मग मागणी. आपल्याला कळत नाही हे ज्याला मान्य नाही, तो ज्ञान मागणार कशाला? गिबोनकरांपुढे बसलेल्या पुढाऱ्यांना सगळे कळले आहे असे वाटत होते, म्हणून विचारायचे राहून गेले. ज्ञान आणि नम्रता यांसाठी आपण वेगवेगळ्या प्रार्थना करतो, पण अनुभवी विश्वासणाऱ्यांच्या आयुष्यात त्या एकाच प्रार्थनेत येतात. नीतिसूत्रांच्या अकराव्या अध्यायातही नम्र माणसांच्या ठायी ज्ञान असते असेच सांगितले आहे.

आपल्या घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत काय काय येते ते आठवून पाहा. आजाऱ्यांना बरे कर, मुलांच्या परीक्षेत मदत कर, प्रवासात सांभाळ, पाळकसाहेबांना सामर्थ्य दे. या मागण्या योग्यच आहेत. रोजची भाकर मागायला प्रभूनेच शिकवले. पण त्याच घरात त्याच आठवड्यात एखादा मोठा निर्णय होत असतो. मुलीला स्थळ सांगून आलेले असते, वडिलांचे ऑपरेशन करायचे की नाही हे ठरवायचे असते, थोरल्या भावाने वाटणीचा विषय काढलेला असतो. तो निर्णय मात्र प्रार्थनेत येत नाही. तो जेवणानंतर होतो, फोनवर होतो, आणि झाल्यावर आपण त्यावर आशीर्वाद मागतो. माझी पहिली सूचना एवढीच आहे की निर्णय आधी प्रार्थनेत आणा.

आणि तो नाव घेऊन आणा. ‘प्रभू, मला ज्ञान दे’ ही प्रार्थना चुकीची नाही, पण ती इतकी मोघम आहे की तिचे उत्तर आले तरी ते आपल्याला ओळखता येत नाही. तिच्याऐवजी असे म्हणता येईल: ‘प्रभू, उद्या धाकट्याशी जमिनीबद्दल बोलायचे आहे. माझा हट्ट कुठे आहे ते मला दिसत नाही, ते दाखव. त्याची अडचण काय आहे ते मला समजू दे. जे बोलणे बरोबर असूनही उद्या बोलायला नको, ते मला गिळता येऊ दे.’ प्रार्थनेला अलंकार लागत नाहीत. उलट सार्वजनिक प्रार्थनेतली ठरलेली वाक्ये एकांतात बाजूला ठेवावीत. डोंगरावरच्या प्रवचनात प्रभूने खोलीचे दार लावून घ्यायला सांगितले आहे. तिथे ऐकणारा फक्त पिता असतो, त्यामुळे खरे बोलणे सोपे जाते.

ज्ञान मागण्याविषयी सर्वांत स्पष्ट आश्वासन याकोबाच्या पत्राच्या पहिल्या अध्यायात, पाचव्या वचनात आहे. देव उदारपणे देतो आणि मागणाऱ्याला दोष लावत नाही, असा त्याचा आशय. ‘इतके दिवस कुठे होतास?’ असे विचारणारा हा दाता नाही. स्वतःच्याच चुकीमुळे अडचणीत आलेल्या माणसाने, न विचारता कर्ज काढून बसलेल्या माणसानेही, लाज न धरता मागावे. मात्र पुढच्याच वचनांत याकोब द्विधा मनाच्या माणसाविषयी इशारा देतो. या द्विधेपणाचा एक अर्थ रोजच्या जगण्यात मला फार वेळा दिसतो. निर्णय मनात पक्का झालेला असतो, आणि देवाकडून फक्त त्यावर शिक्का हवा असतो. यावर एक साधी कसोटी आहे. प्रार्थनेला बसण्याआधी स्वतःला विचारा, उत्तर माझ्या इच्छेच्या उलट आले तर मी ते ऐकणार आहे का? मन ‘नाही’ म्हणाले, तर तो दिवस ज्ञान मागण्याचा नाही. आधी ती ‘नाही’च देवापुढे मांडा. ‘प्रभू, मला तुझे ऐकायचे नाही, हे माझे मन बदल,’ ही प्रामाणिक प्रार्थना आहे, आणि बहुतेक वेळा खरी सुरुवात तिथूनच होते.

उत्तर कसे येते, हा प्रश्न तरुण मंडळी नेहमी विचारतात. शलमोनाला स्वप्न पडले. आपल्यापैकी बहुतेकांना पडत नाही, आणि प्रत्येक स्वप्नामागे जाऊही नये. देवाचे मार्गदर्शन साधारणपणे ज्या वाटांनी येते त्या सगळ्यांना माहीत आहेत: शास्त्राचे नियमित वाचन, माहितीची नीट तपासणी, थोडे थांबणे, आणि माणसे. वाचनाविषयी एवढेच सांगतो की अडचण आल्यावर बायबल कुठेही उघडून बोट ठेवण्याची सवय सोडा. रोज क्रमाने वाचणाऱ्याच्या मनात वचनांचा साठा असतो आणि वेळेला त्यातले योग्य ते आठवते. तपासणीचेही तसेच. प्रार्थना केली म्हणून खरेदीखत न वाचता सही करू नये, डॉक्टरांचा दुसरा सल्ला टाळू नये. गिबोनकरांची शिदोरी तपासली यात पुढाऱ्यांची चूक नव्हती. तपासणी पुरेशी आहे असे मानले, ही चूक होती. शलमोनाने ज्ञान मिळाल्यावरही एकाच बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन स्त्रियांचे म्हणणे पूर्ण ऐकून घेतले आणि मगच तलवार मागवली. पहिल्यांदा बोलणाऱ्याची बाजू नेहमीच खरी वाटते, हे नीतिसूत्रांतही सांगितले आहे. घरातल्या भांडणात दुसऱ्याची बाजू ऐकण्याआधी मत बनवायचे नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ अनर्थ टळतात.

माणसांच्या वाटेने येणारे उत्तर स्वीकारणे सर्वांत अवघड जाते. निर्गमाच्या अठराव्या अध्यायात मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांचे तंटे सोडवत बसला आहे. त्याचा सासरा इथ्रो पाहुणा म्हणून आला. त्याने ते पाहिले आणि सरळ सांगितले की, हे बरे नाही, तू थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसे नेम, अवघड खटले तेवढे स्वतःकडे ठेव. मोशे म्हणजे जळत्या झुडपातून ज्याच्याशी देव बोलला तो माणूस. ‘मी देवाशी बोलतो, तुम्ही मला काय सांगता?’ असे तो म्हणू शकला असता. त्याने सासऱ्याचे ऐकले आणि तसेच केले. आपण ज्ञान मागतो आणि आकाशाकडे पाहत बसतो, तेव्हा उत्तर कदाचित शेजारच्या खोलीत चहा पीत बसलेले असते. सासूच्या तोंडून येते, सुनेच्या तोंडून येते, कॉलेजात जाणाऱ्या मुलाच्या तोंडून येते. म्हणून प्रार्थना झाल्यावर निदान एका अशा माणसाला विचारा, ज्याला तुमच्या निर्णयातून काही मिळणार नाही आणि जो तुम्हाला घाबरत नाही. होयबांना विचारले तर आपलाच आवाज परत ऐकू येतो. शलमोनाचा मुलगा रहबाम याने हेच केले. ओझे हलके करा म्हणणाऱ्या लोकांना तीन दिवसांनी उत्तर देतो म्हणाला, वडीलधाऱ्यांचा सल्ला घेतला, तो बाजूला सारून बरोबर वाढलेल्या तरुणांचा कठोर सल्ला मानला, आणि दहा वंश हातचे गेले.

निर्णय समोर आल्यावर तो कुठून आला हे पारखायचे असेल, तर याकोबाच्या पत्राचा तिसरा अध्याय उघडावा. वरून येणाऱ्या ज्ञानाची लक्षणे तिथे दिली आहेत: शुद्धता, शांतिप्रियता, सौम्यता, समजूत घातल्यास ऐकण्याची तयारी, दया, निःपक्षपात, निष्कपटपणा. खालून येणाऱ्या ज्ञानाच्या मागे मत्सर आणि तट पाडण्याची वृत्ती असते. ही लक्षणे प्रश्नांच्या रूपात स्वतःला विचारावीत. हा निर्णय मी कसा घेतला हे सगळ्यांसमोर सांगू शकेन का? यात माझ्याच माणसाला झुकते माप आहे का? कोणी समजावले तर मी अजूनही बदलू शकतो का? यातला शेवटचा प्रश्न मी सर्वांत वर ठेवीन. देवाच्या नावाने घेतलेला, पण कोणाचेही ऐकून न घेणारा निर्णय याकोबाच्या कसोटीला उतरत नाही.

आता नम्रतेची प्रार्थना. ही मागणी करायला बरेच विश्वासणारे बिचकतात, आणि त्यांचे बिचकणे मी समजू शकतो. नम्रता मागितली तर देव अपमान पाठवील, ही भीती मनात असते. भीतीला थोडा आधारही आहे, कारण नम्रता एखाद्या भावनेसारखी मनात अलगद उतरत नाही. ती प्रसंगांतून शिकावी लागते. पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या बाराव्या अध्यायात आपल्या शरीरातल्या काट्याविषयी सांगितले आहे. तो काढून टाकावा म्हणून त्याने तीनदा विनंती केली. काटा गेला नाही. कृपा पुरेशी आहे असे उत्तर मिळाले, आणि आपण चढून जाऊ नये म्हणून तो काटा आहे हे पौलाला समजले. पण काट्याबरोबर कृपा आली, हे विसरू नये. देव माणसाचा पाणउतारा करून मजा पाहत नाही.

या प्रार्थनेचे उत्तर कशा रूपात येते हे आधी माहीत असले की ते ओळखता येते. तुम्ही वर्षानुवर्षे बसवलेल्या गायनमंडळाची जबाबदारी दुसऱ्याकडे जाते आणि तो ती चांगली पार पाडतो. वयाने लहान माणूस तुमची चूक दाखवतो, आणि ती खरोखर चूक असते. तुम्ही केलेल्या कामाबद्दल उपासनेत आभार मानताना तुमचे नाव राहून जाते. अशा वेळी घरी येऊन चिडचिड करण्याआधी, आपण देवाकडे काय मागितले होते ते आठवावे. त्या क्षणी म्हणायला एक छोटी प्रार्थना पुरेशी आहे: ‘प्रभू, हे मी मागितले होते. आता सोसायला बळ दे, आणि त्या माणसाबद्दल चांगले बोलायला शब्द दे.’ दुसरा भाग महत्त्वाचा आहे. ज्याला आपल्या जागी मान मिळाला, त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करणे, ही नम्रतेची मला माहीत असलेली सर्वांत परिणामकारक साधना आहे.

लूकच्या अठराव्या अध्यायातला दाखला आपण इतक्या वेळा ऐकला आहे की तो बोचेनासा झाला आहे. परुशी आठवड्यातून दोनदा उपास करत होता, उत्पन्नाचा दशमांश देत होता, आणि हे सारे खरे होते. तो खोटे बोलत नव्हता. त्याने देवाचे आभारही मानले. बिघडले ते एवढेच, की प्रार्थना करताना त्याची नजर दूर उभ्या असलेल्या जकातदारावर होती. जकातदाराने मान वर केली नाही, छाती पिटून दया मागितली आणि नीतिमान ठरून घरी गेला. आपल्या प्रार्थनेत दुसऱ्या माणसाची तुलना शिरली आहे का, हे पाहावे. ‘त्या लोकांना सुबुद्धी दे’ ही प्रार्थना पुष्कळदा परुश्याचीच असते.

इथे एक गोष्ट मला आग्रहाने सांगायची आहे, कारण आपल्या मंडळ्यांत तिने नुकसान केले आहे. नम्रता ही स्वतःसाठी मागायची गोष्ट आहे, दुसऱ्यावर लादायची नाही. नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईला नम्र हो म्हणून सांगणे, हिशेब विचारणाऱ्या तरुणाला गर्विष्ठ ठरवून गप्प करणे, पिढ्यान्पिढ्या गावकुसाबाहेर ठेवलेल्या घरांतून प्रभूकडे आलेल्या माणसांना पुन्हा मान खाली घालायला शिकवणे, याला प्रभूच्या नम्रतेचे नाव देता येत नाही. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू कमरेला रुमाल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतो. त्याच्या आधीचे वचन नीट वाचा. पित्याने सर्व काही आपल्या हाती दिले आहे, आपण देवापासून आलो आणि देवाकडे जातो, हे जाणून तो भोजनावरून उठला. स्वतःची थोरवी पूर्ण ठाऊक असलेला गुरू खाली बसला. फिलिप्पैकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात पौल हीच मनोवृत्ती धरायला सांगतो. स्वतःला कवडीमोल समजणे म्हणजे नम्रता, असे तिथे कुठेही नाही. म्हणून ज्यांना आयुष्यभर कमी लेखले गेले, त्यांनी नम्रतेची प्रार्थना करताना आधी देवाचे लेकरू म्हणून आपली किंमत समजू दे, असे मागावे.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण या बाबतीत विचार करण्यासारखे आहे. संस्कृतातल्या विद्वत्तेसाठी १८७८ मध्ये कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतर धर्मसिद्धान्तांविषयी त्यांनी निर्भीडपणे प्रश्न विचारले, तेव्हा त्यांच्या मार्गदर्शक सिस्टर जेराल्डाइन यांना त्यात गर्व दिसला. दोघींचा पत्रव्यवहार आज उपलब्ध आहे. रमाबाई प्रश्न विचारायच्या थांबल्या नाहीत. याच बाईंनी पुढे दुष्काळातल्या मुलींना केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये आणले, आणि आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण पवित्र शास्त्राचे साध्या, कमी शिकलेल्या बायकांना समजेल अशा मराठीत भाषांतर करण्यात घालवली. विद्वत्तेच्या पदव्या मिळवलेल्या व्यक्तीने विद्वानांसाठी लिहायचे सोडून अक्षरे नुकती शिकलेल्या बाईसाठी लिहावे, याला मी नम्रता म्हणतो. प्रश्न विचारण्याने ती कमी झाली नाही.

मंडळीच्या कारभाराविषयी थोडेसे. पास्टोरेट कमिटीची सभा प्रार्थनेने सुरू होते आणि प्रार्थनेने संपते. मध्ये वाद पेटतो तेव्हा मात्र कोणी प्रार्थना सुचवत नाही. वादाचा विषय आला की अध्यक्षांनी दोन मिनिटे शांत बसायला सांगावे, आणि मग ज्याचा विरोध सर्वांत तीव्र आहे त्याला आधी बोलू द्यावे. दानिएलाच्या दुसऱ्या अध्यायात जिवावर बेतले असतानाही दानिएलाने राजाकडे मुदत मागितली, घरी येऊन तिघा मित्रांना सांगितले आणि सर्वांनी मिळून प्रार्थना केली. राजाच्या स्वप्नाचे रहस्य उलगडल्यावर तो धावत दरबारात गेला नाही. आधी त्याने देवाची स्तुती केली. राजापुढे उभे राहिल्यावर, इतरांपेक्षा मला अधिक ज्ञान आहे म्हणून हे कळले असे नाही, हेही त्याने सांगितले. उत्तर मिळाल्यावर आपण श्रेय कोणाला देतो हे सभेनंतरच्या बोलण्यातून कळते.

रोजच्या सवयीसाठी एक जुनी रीत उपयोगी आहे. सोळाव्या शतकात इग्नेशियस लोयोला यांनी आपल्या अनुयायांना दिवसाची उजळणी देवासमोर करायला शिकवले. ती कॅथलिक परंपरेतली आहे म्हणून प्रॉटेस्टंट वाचकांनी बाजूला सारू नये. रात्री झोपण्यापूर्वी आधी आभार मानायचे, मग दिवस सकाळपासून आठवायचा. आज मी कुठे घाईने बोललो, कुणाचे बोलणे मध्येच तोडले, कोणाचे बरोबर होते आणि मी मान्य केले नाही, हे देवासमोर पाहायचे. क्षमा मागायची. उद्याच्या एका प्रसंगासाठी मदत मागायची. दहा मिनिटे पुरतात. बरोबर वाचायला १३१ वे स्तोत्र घ्यावे. ते तीनच वचनांचे आहे आणि महिनाभरात आपोआप पाठ होते.

आणि हे सोडू नये, कारण मिळालेले ज्ञान आपोआप टिकत नाही. शलमोनाचीच गोष्ट पहिल्या राजांच्या अकराव्या अध्यायात कशी संपते ते सर्वांना माहीत आहे. ज्याने तरुणपणी मी लहान आहे म्हणून हात पसरले, त्याचे मन म्हातारपणी देवापासून फिरले. ज्ञान मिळाल्यामुळे मागायची गरज संपली असे त्याला वाटले असावे, असा माझा तर्क आहे. म्हणून वयाने आणि पदाने मोठ्या झालेल्यांना माझी विशेष विनंती आहे. तुम्ही मंडळीत वडील असाल, घरात कर्ते असाल, तुमचा शब्द सहसा कोणी मोडत नसेल, तर ही प्रार्थना तुम्हाला तरुणांपेक्षा जास्त लागते.

या आठवड्यात तुमच्यापुढे जो एक निर्णय आहे तो कागदावर लिहा. याकोबाच्या पत्राचा पहिला आणि तिसरा अध्याय वाचा, दार लावून घ्या आणि त्या निर्णयाचे नाव घेऊन मागा. मग तुम्हाला घाबरत नाही अशा एका माणसाला फोन करा, आणि तो बोलत असताना त्याला मध्येच थांबवू नका.